तितके दिवस कोण बघतं?

गर्भाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या बायकांना आदल्या संध्याकाळी एक संमतिपत्र वाचून दाखवणे हा माझ्या कामाचा भाग आहे. शस्त्रक्रियेची संमती डॉक्टर घेतात. माझा कागद वेगळा असतो. काढलेल्या अवयवातला तपासणीला लागणारा सगळा भाग पॅथॉलॉजी विभागाकडे गेल्यावर गर्भाशयमुखाचा जो लहानसा निरोगी तुकडा उरेल, तो संशोधनासाठी द्याल का, एवढेच त्यात विचारलेले असते. बहुतेक जणी वाचून होण्याआधीच मान डोलावतात, काही जणी नवऱ्याकडे किंवा सुनेकडे पाहतात, काही 'नको' म्हणतात आणि तो विषय तिथेच संपतो. गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातून आलेल्या एका बाईंनी मात्र मला मध्येच थांबवले. गाठींमुळे होणारा रक्तस्राव त्यांनी कित्येक वर्षे अंगावर काढला होता आणि त्यांचा चेहरा अगदी फिकुटला होता. "ताई, म्हंजे त्यो तुकडा तुमी जित्ता ठेवनार?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "किती दिस?" काही आठवडे, असे मी सांगितले. "आन् तितके दिस त्याच्याकडं कोन बघतं? ऐतवारी बी?" आम्ही पाळ्या लावून घेतो, रविवारीही कोणी तरी येतेच, असे मी म्हटले. "मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी कागद जवळ ओढला आणि शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात सावकाश सही केली.

मी दिलेले उत्तर खरे होते, तरी तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. ज्या बाईकडे इतकी वर्षे कोणी धड पाहिले नव्हते, तिने आपल्या शरीरातून निघणाऱ्या तुकड्याची अशी चौकशी करावी, हे तर मनाला लागलेच. पण त्याहून अधिक काही तरी त्यात होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी आपल्याला जे जे ठाऊक आहे, ते कोणी तरी, कुठे तरी, दीर्घकाळ पाहत राहिल्यामुळे ठाऊक झाले आहे. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे दहा ते वीस वर्षे जातात. तेवढा काळ कोणाकडे पाहत राहायचे, आणि पाहता पाहता काही दिसले तर काय करायचे, हा प्रश्न या आजाराच्या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी आहे. तो प्रश्न त्या बाईंच्या मनात नव्हता. माझ्या मनात मात्र तो त्यांच्यामुळे जागा झाला.

तो तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फाच्या डब्यातून आमच्याकडे आला. आकाराने तो करंगळीच्या नखाएवढा, रंगाने फिकट गुलाबी, आणि एका कडेला थोडे रक्त साकळलेले. गर्भाशयमुखावर जिवाणूंची नैसर्गिक वस्ती असते, म्हणून प्रतिजैविके मिसळलेल्या द्रावणात तो पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. या पायरीला घाई केली, तर तिसऱ्या दिवशी बशीतले माध्यम गढूळ होते आणि सगळे फेकून द्यावे लागते. मग डिस्पेज नावाच्या विकरात त्याला रात्रभर थंडीत ठेवतात. सकाळी दोन चिमट्यांनी धरून हलके ओढले की वरचे आवरण खालच्या ऊतीपासून अखंड सुटून येते, पातळ, किंचित दुधी, पाण्यात पसरणारा पापुद्रा. कितीही वेळा हे केले, तरी तो सुटण्याच्या क्षणी माझा श्वास रोखलेला असतो. या पापुद्र्यातल्या पेशी सुट्या करून त्या उंदराच्या पेशींच्या सोबतीने वाढवायच्या. उंदराच्या त्या पेशींचे विभाजन किरणोत्सर्गाने आधीच थांबवलेले असते. त्या स्वतः वाढत नाहीत, दुसऱ्यांना वाढायला लागणारी द्रव्ये तेवढी पुरवतात. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये ही रीत बसवली. भाजलेल्या रुग्णांसाठी त्यांचीच त्वचा प्रयोगशाळेत वाढवण्याची वाटही याच रीतीतून निघाली.

पेशी पुरेशा झाल्या की खरे काम सुरू होते. उंदरांच्या शेपट्यांमधून काढलेले कोलॅजन बर्फावर असेपर्यंत पातळ असते. त्यात माणसाच्या संयोजी ऊतीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी मिसळून ते सदतीस अंश तापमानात ठेवले की खरवसासारखे थिजते, आणि पुढच्या काही दिवसांत आतल्या पेशी त्याला चहूबाजूंनी आत ओढून त्याची छोटी घट्ट चकती करतात. या चकतीवर गर्भाशयमुखाच्या पेशींचा एक थर पसरायचा, एक-दोन दिवस तो माध्यमात बुडवून ठेवायचा, आणि मग सगळी चकती उचलून स्टीलच्या बारीक जाळीवर ठेवायची. जाळीच्या खालून गुलाबी माध्यम टेकलेले असते, वरची बाजू उघडी, हवेला लागलेली. याला राफ्ट कल्चर म्हणतात. खालून अन्न आणि वरून हवा अशी स्थिती मिळाली की या पेशी शरीरातल्या आपल्या मूळ सवयीने वागू लागतात: तळाची रांग विभागत राहते, वर ढकललेल्या पेशी विभागणे सोडून देतात, मोठ्या होतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडण्याच्या बेताला येतात. साधारण दोन आठवड्यांनी चकती फॉर्मॅलिनमध्ये टाकून, पॅराफिनमध्ये बसवून, तिचा पातळ काप घेऊन रंगवला, तर स्लाइडवर गर्भाशयमुखाचे आवरण दिसते. तळाशी गर्द निळ्या केंद्रकांची दाट उभी रांग, वर फिकट होत जाणारे, पसरत जाणारे थर. पॅप चाचणीत ब्रशवर येतात त्या पेशी सगळ्यांत वरच्या थरांतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावून आणले होते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणालाही वाटेल. पेशी बशीच्या तळाशी सपाट वाढवणे कितीतरी सोपे आहे. पण ह्यूमन पॅपिलोमा विषाणूला, म्हणजे एचपीव्हीला, सपाट थर पुरत नाही. तो अगदी बारीक ओरखड्यांमधून आवरणाच्या तळाशी असलेल्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथे आपल्या जनुकसंचाच्या थोड्याच प्रती राखून राहतो. ती पेशी विभागून तिची लेक वरच्या थरात सरकली की तिच्याबरोबर तोही सरकतो, आणि वरच्या थरांत पोहोचल्यावरच आपल्या प्रती भराभर वाढवतो, आपले कवच तयार करतो आणि गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. वाटेत तो कोणाला मारत नाही, दाह निर्माण करत नाही, रक्तात उतरत नाही. म्हणून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला त्याचा सुगावा उशिरा लागतो. वरच्या पेशी मुळात विभागणे थांबवणाऱ्या. पण विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला त्यांच्यातली डीएनए घडवणारी यंत्रणा चालू असावी लागते. त्यासाठी त्याची ई-७ ही प्रथिने पेशीचा 'थांब' म्हणणारा आरबी हा पहारेकरी बाजूला सारतात, आणि अशा बिघडलेल्या पेशीने आत्मनाश करू नये म्हणून ई-६ ही प्रथिने तो आत्मनाश घडवणाऱ्या पी-५३ या प्रथिनाला नष्ट करवतात. हा सगळा उद्योग विषाणूच्या दृष्टीने केवळ पुनरुत्पादनाचा आहे. कर्करोगाने त्याला काहीच मिळत नाही. कर्करोगाच्या पेशींतून बहुधा नवा विषाणू बाहेर पडतही नाही.

जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये एचपीव्ही-१६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढले. जगभरातले या आजाराचे सुमारे सत्तर टक्के रुग्ण याच दोघांमुळे होतात आणि २००८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्या शोधाला मिळाला. परंतु दोषी कोण हे कळल्यावरही अनेक वर्षे हा विषाणू कोणालाच प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, कारण बशीत वरचे थरच नव्हते. १९९२ मध्ये क्रेग मायर्स, लायमोनिस लायमिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील सौम्य विकृतीतून मिळालेल्या पेशींचे राफ्ट वाढवले आणि त्याच्या वरच्या थरांत विषाणूचे पूर्ण कण तयार झालेले दाखवले. लसीचा मार्ग तोवर वेगळ्या दिशेने निघालेला होता. विषाणू वाढवता येत नाही, तर त्याचे नुसते कवच तयार करावे, या विचारातून ती आली. पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लसही त्याच तत्त्वावर, यीस्टमध्ये घडवलेल्या कवचांपासून बनते.

राफ्टच्या आधी आमच्या हाती काय होते? हेला होत्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखावरील गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या; पेशी आजही जगभर विभागत आहेत, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या पेशीसंग्रहातून देशभरातल्या प्रयोगशाळांकडे जातात. त्याच संग्रहात सिहा आहेत, जपानमधल्या एका स्त्रीच्या. कास्की आहेत, अमेरिकेतल्या एकीच्या. विद्यार्थी असताना मी हेला वाढवूनच हात बसवला. त्या इतक्या जोमाने वाढतात की त्यांच्यामुळे शेजारच्या बशा दूषित होण्याची सतत धास्ती असते. पण त्यांच्याकडून आजाराची सुरुवात कधीच शिकता येणार नाही. त्या पूर्ण झालेल्या कर्करोगाच्या पेशी आहेत. निरोगी आवरण बिघडायला लागले तेव्हा पहिल्यांदा काय हलले, ते त्यांच्या आठवणीत उरलेले नाही.

प्रयोगशाळांकडे या आजाराचा शेवट भरपूर होता. सुरुवात नव्हती.

केंब्रिजमध्ये मार्गारेट स्टॅनली यांच्या गटाने १९८९ मध्ये वर्णिलेल्या डब्ल्यू-१२ पेशींविषयी मला विशेष आस्था आहे, ती या कारणासाठी. एका स्त्रीच्या सौम्य विकृतीतून त्या मिळाल्या; त्यांत एचपीव्ही-१६च्या डीएनएची वर्तुळे मोकळी, पेशीच्या गुणसूत्रांपासून अलग होती. सुरुवातीच्या या पेशींचे राफ्ट केले, तर सौम्य विकृतीच दिसते: तळाचा एक तृतीयांश भाग गजबजलेला, वरचे थर बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागणारे. पण याच पेशी दीर्घकाळ वाढवत नेल्या की त्यांतल्या काहींमध्ये विषाणूचे वर्तुळ तुटून गुणसूत्रात जाऊन बसते. तुटताना बहुधा त्याचा ई-२ हा भाग निकामी होतो, आणि ई-६, ई-७ यांना आवर घालणारा तोच असतो. मग या नव्या पेशी इतरांच्या पुढे निघून जातात, आणि त्यांचे राफ्ट केले तर तळापासून माथ्यापर्यंत सगळीकडे गर्द, विस्कळीत केंद्रकेच दिसतात. डॉक्टर ज्याला सीआयएन-३ म्हणतात, ती कर्करोगाच्या आधीची तीव्र विकृती हीच. एका स्त्रीच्या शरीरात अनेक वर्षांत होणारा हा प्रवास दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. फरक इतकाच की, तळाशी असलेला पातळ पडदा अजून शाबूत असतो. तो भेदला गेला की कर्करोग.

आता इथे मला काही वेळ थांबायचे आहे. सीआयएन-३ असलेल्या किती स्त्रियांना उपचार न मिळाल्यास कर्करोग होतो, याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकांत मिळते: तीस वर्षांत साधारण तीनपैकी एकीला. हा आकडा मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे. तो आला कुठून? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांची अशी धारणा होती की, ही अवस्था कर्करोगाकडे जात नाही. १९६६ पासून त्यांनी अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता त्यांना केवळ तपासणीखाली ठेवले. अभ्यास चालू आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी १९८७ मध्ये हे चव्हाट्यावर आणले, न्यायमूर्ती सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली. २००८ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा ज्या १४३ स्त्रियांच्या केवळ बायॉप्सी घेतल्या गेल्या होत्या, त्यांच्यात तीस वर्षांत कर्करोगाचे प्रमाण ३१ टक्क्यांहून थोडे अधिक निघाले; योग्य उपचार झालेल्या स्त्रियांमध्ये ते एक टक्क्याहूनही कमी होते. पुस्तकातला आकडा हा आहे. कोणी तरी नियमितपणे, नोंदी ठेवून, त्या स्त्रियांकडे पाहत होते. आणि पाहण्याखेरीज काही करत नव्हते.

आपल्याकडेही पाहिले गेले, पण वेगळ्या रीतीने, आणि या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत असे मला वाटते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठी चाचणी केली. ५२ गावसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप, काहींत अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि एका गटात आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा. आठ वर्षांनी, एचपीव्हीच्या एकदाच होणाऱ्या तपासणीसाठी निवडलेल्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. आज जगभर एचपीव्ही चाचणीला जे पहिले स्थान मिळाले आहे, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. उन्हातान्हात वस्त्यावस्त्यांवर फिरून बायकांना तपासणीसाठी बोलावून आणणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटाला तपासणी का दिली नाही, अशी टीका पुढे झाली. तेव्हा त्या भागात तपासणीची कोणतीही व्यवस्था मुळात नव्हतीच, असे उत्तर दिले गेले. दोन्ही बाजू मी पुष्कळ वेळा वाचल्या. उत्तरात तथ्य आहे. तरीही ६४ हा आकडा लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळावा असेच मला वाटते.

याच मराठवाड्यात भीतीचे दुसरे टोकही आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. राज्याने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि त्यांतल्या अनेक जणी अगदी तरुण होत्या. पांढरे जाते, पोट दुखते, पाळीच्या दिवसांत खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना 'काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले गेल्याचे कित्येक जणींनी सांगितले. मला राग येतो तो विशेषतः यासाठी की, त्या एका वाक्याने या आजाराचे सगळे ज्ञान उलटे करून टाकले. एचपीव्हीचा संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. सौम्य विकृती बहुतेकदा मावळतात, मध्यम अवस्थेतल्याही निम्म्याच्या आसपास मावळतात. जिथे पाहत राहणे पुरेसे होते, तिथे अवयव गेला. जिथे वेळेवर काढायला हवे, तिथे कोणी पाहिलेच नाही, म्हणून देशात दर वर्षी ७५,००० हून अधिक स्त्रिया या कर्करोगाने मरतात. कोणती विकृती मावळणार आणि कोणती पुढे जाणार, हे सुरुवातीलाच ओळखता आले, तर हे दोन्ही टळेल. राफ्ट घेऊन बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचा खरा शोध हाच आहे. वाट पाहायची तर ती या चकतीने पाहावी. तिला बिघडू द्यावे, शेवटपर्यंत जाऊ द्यावे.

अलीकडच्या काळात या कामाला नवे वळण मिळाले आहे. गर्भाशयमुखावर दोन प्रकारची आवरणे एकमेकांना भिडतात: बाहेरचे अनेक थरांचे, आणि आतल्या मार्गाचे एकाच थराचे, श्लेष्मा स्रवणारे. कर्करोग बहुतांशी या सीमेपाशीच सुरू होतो. आतल्या आवरणाच्या पेशीच रूप बदलून बाहेरच्या बनतात, असे पूर्वी समजले जाई. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत सिंड्रिला चुंडुरी, थॉमस मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही आवरणांची ऑर्गनॉइड्स, म्हणजे मऊ जेलमध्ये मूलपेशींपासून वाढवलेले सूक्ष्म गोळे, तयार केले आणि २०२१ मध्ये दाखवले की, ही दोन वेगळी घराणी आहेत. खालच्या ऊतीतून येणारे संदेश कोणाला वाढू द्यायचे ते ठरवतात. संदेश बदलले की आतल्या आवरणाखाली शांत पडून राहिलेल्या बाहेरच्या घराण्याच्या मूलपेशी जाग्या होऊन वर येतात. पुढे याच धर्तीच्या ऑर्गनॉइड्समध्ये एचपीव्हीची ई-६, ई-७ जनुके घालून, वर क्लॅमिडिया या जिवाणूचा संसर्ग करून, दोघे मिळून पेशीचे काय करतात तेही पाहिले गेले. दोघांचे परिणाम केवळ एकमेकांत मिळवता येत नाहीत, एकमेकांच्या सान्निध्यात ते बदलतात. हे वाचताना मला दवाखान्यातल्या त्या बायका आठवत राहिल्या, ज्यांच्या पांढऱ्या जाण्याकडे घरात कोणी लक्ष देत नाही, आणि ज्यांना दर वेळी त्याच गोळ्या लिहून दिल्या जातात. एकाच शरीरात दोन-तीन संसर्ग वर्षानुवर्षे शेजारी नांदणे, ही आपल्याकडे कितीतरी जणींची रोजची स्थिती आहे.

या मॉडेलच्या उणिवाही मोठ्या आहेत. राफ्टमध्ये रक्तवाहिन्या नाहीत, पाळीचे चढउतार नाहीत, बाळंतपणे नाहीत, योनीतल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे आम्ल नाही. तंबाखू नाही, उपासमार नाही, एचआयव्ही नाही. ज्यात हे अवयव वाढतात त्या सामग्रीचीही मला टोचणी असते: जेल उंदराच्या ट्यूमरमधून काढलेले, माध्यमात वासराच्या रक्तातील द्रव. आणि ज्याचे मला अजूनही आश्चर्य वाटते ती गोष्ट म्हणजे, एचपीव्हीवरचे पुष्कळसे राफ्टचे काम नवजात मुलग्यांच्या सुंतेत काढलेल्या त्वचेतील पेशींवर झालेले आहे. अमेरिकेत ती त्वचा सहज मिळते, पेशी तरुण आणि जोमदार असतात, म्हणून ती वापरली गेली. त्यातून मोलाचे ज्ञान मिळाले, हे निःसंशय. पण ज्या अवयवाचा हा आजार, त्या अवयवाच्या पेशी मिळवण्याचे कष्ट घेणे फार काळ टळत गेले, आणि ज्या थोड्या मिळाल्या त्या बाल्टिमोरच्या, जपानच्या, केंब्रिजच्या. या आजाराने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी एक पंचमांशाहून अधिक भारतात होतात. धाराशिवच्या, बीडच्या, सोलापूरच्या स्त्रीची ऊती या मॉडेलांमध्ये असायला हवी, आणि ती तिला विचारून, तिच्या प्रश्नांना उत्तरे देऊन आलेली असायला हवी.

सगळ्यांत मोठी उणीव प्रतिकारपेशींची आहे. दहापैकी नऊ जणींच्या शरीराने विषाणूला घालवले ते याच पेशींच्या जोरावर, आणि राहिलेल्या एकीच्या बाबतीत बिनसले तेही बहुधा तिथेच. राफ्टमध्ये त्या मिसळायच्या, तर ज्या स्त्रीची ऊती तिचेच रक्त लागते. परक्या व्यक्तीच्या पेशी आवरणाला केवळ परके म्हणून मारून टाकतील आणि विषाणूविषयी काहीच कळणार नाही. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवशी तुकड्याबरोबर रक्ताची एक नळीही घ्यावी लागेल, आणि विषाणू आधी घालवलेला आहे की अजून आहे, हे कळण्यासाठी चाचणीही. ती चाचणी करायची तर तिचा निष्कर्ष त्या बाईंना सांगायलाच हवा आणि विषाणू निघाला तर पुढची तपासणी व उपचार कोण करणार, तेही कागदावर आधी लिहिलेले हवे, असा माझा आग्रह आहे. याला खर्च येतो, माणसे लागतात, आणि काही सहकाऱ्यांना हे संशोधनाच्या मर्यादेबाहेरचे वाटते. नवे संमतिपत्र आम्ही मराठीत लिहिले, वॉर्डमधल्या दोन सिस्टर आणि एका मावशींना वाचून दाखवले, त्यांना अडलेली वाक्ये बदलली. आता ते नैतिक समितीपुढे आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोवर रक्ताच्या नळ्यांची मागणी नोंदवून ठेवली आहे आणि आधीच्या तुकड्यांतल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवल्या आहेत.